पोर्ट्रेटसाठी मऊ आणि एकसारखा प्रकाश: पहिला स्टुडिओ सेटअप कसा लावावा

पोर्ट्रेटचं लाइटिंग शिकायला सुरुवात केली की मागणी एकच असते: लाइट सॉफ्ट पाहिजे. पण या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली म्हणजे सावलीची कड विरघळलेली असणं. नाकाची सावली गालावर रेघ ओढल्यासारखी न संपता हळूहळू उजेडात मिसळली पाहिजे. दुसरी म्हणजे उजेड सगळीकडे जवळपास सारखा पोचणं, म्हणजे कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी आणि खांदे यांच्यात मोठा फरक न पडणं. पहिल्या गुणाला आपण मऊपणा म्हणू, दुसऱ्याला एकसारखेपणा. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि लाइट नुसता पुढे-मागे सरकवून एक सुधारायला गेलात की बहुतेक वेळा दुसरा बिघडतो. खाली दिलेला सेटअप एका फ्लॅशचा आणि एका पांढऱ्या बोर्डाचा आहे. त्यात दोन्ही गुण मिळतात, आणि नवशिक्याने दुसरा फ्लॅश घेण्याआधी हाच पक्का करावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

मऊपणा कशामुळे येतो

आधी एक छोटा प्रयोग करून बघा. टेबलावर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या वर २ सें.मी. अंतरावर पेन्सिल आडवी धरा. सुमारे १२० सें.मी. उंचीवरून साध्या उघड्या बल्बचा उजेड पडू द्या. पेन्सिलीची सावली ठळक दिसेल आणि तिच्या कडेचा धूसर भाग जेमतेम १ मि.मी. असेल. आता त्याच अंतरावरून १२० सें.मी. व्यासाच्या सॉफ्टबॉक्सचा (लाइटवर बसवायची, समोर पांढरं कापड ताणलेली पेटी) उजेड टाका. धूसर भाग जवळपास २ सें.मी. रुंद होतो, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीपेक्षा कितीतरी जास्त, आणि सावली शोधावी लागते. तोच सॉफ्टबॉक्स साडेतीन मीटर दूर नेला की धूसर पट्टा ७ मि.मी.च्या आसपास येतो आणि सावली पुन्हा दिसू लागते.

नाकाचा शेंडा गालापासून साधारण तेवढाच वर असतो. म्हणून पेन्सिलीचं जे होतं तेच नाकाच्या सावलीचं होतं. चेहऱ्याच्या जागेवरून बघितल्यावर उजेडाचा स्रोत किती मोठा दिसतो, यावर मऊपणा ठरतो. कापड उजेडाला मऊ करत नाही, ते स्रोताला मोठा करतं. फ्लॅशच्या तोंडावर बसवायचं छोटं पांढरं प्लास्टिकचं टोपण त्यामुळेच निराशा करतं: टोपणाचा आकार फ्लॅशच्या तोंडाएवढाच, म्हणून सावलीही तेवढीच कडक. पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत ते थोडं काम करतं, पण ते भिंतींमुळे, टोपणामुळे नाही.

ढोबळ नियम असा धरा: सॉफ्टबॉक्सचा जितका व्यास, तितकंच त्याचं चेहऱ्यापासून अंतर. १२० सें.मी.चा असेल तर १२० सें.मी.वर ठेवा. व्यासाच्या दुपटीपर्यंत मागे नेला तरी चालतं. त्याहून पुढे नेल्यावर मोठा सॉफ्टबॉक्स वापरण्याचा फायदा हातचा जातो.

एकसारखेपणा कशामुळे येतो

उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट, हे सुरुवातीलाच पक्कं करून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यातच आहे.

आता दोन सेटअप शेजारी ठेवून बघा. ६० सें.मी.चा सॉफ्टबॉक्स ६० सें.मी.वर आणि १२० सें.मी.चा १२० सें.मी.वर. चेहऱ्यावरून दोघेही तेवढेच मोठे दिसतात, म्हणून सावलीच्या कडा सारख्याच मऊ. पण जवळचा गाल ६० सें.मी.वर असेल तर पलीकडचा गाल साधारण ७५ सें.मी.वर असतो, आणि त्या १५ सें.मी.त उजेड जवळपास दोन तृतीयांश स्टॉप उतरतो. मोठ्या सॉफ्टबॉक्सच्या बाबतीत हेच अंतर १२० आणि १३५ सें.मी. होतं आणि फरक फक्त एक तृतीयांश स्टॉपचा राहतो. कमरेपर्यंतचा फोटो असेल तर फरक आणखी वाढतो: छोट्या सॉफ्टबॉक्समध्ये चेहरा ते कंबर दीड स्टॉपच्या आसपास, मोठ्यात पाऊण. सॉफ्टबॉक्सच्या अगदी जवळ हा वर्गाचा नियम तंतोतंत लागू होत नाही, प्रत्यक्ष उतार थोडा सौम्य असतो, पण दोघांमधला फरक तसाच राहतो.

म्हणून खरेदी करताना शंका असेल तर मोठा आकार घ्या. ६० सें.मी.चा सॉफ्टबॉक्स नेण्या-आणण्याला सोपा आहे, पण मऊ आणि एकसारखा असे दोन्ही गुण तो एकट्याने देऊ शकत नाही.

काय काय लागेल

एक फ्लॅश. खोलीतल्या डोकं-खांद्याच्या पोर्ट्रेटला २०० वॅट-सेकंदाचा स्टुडिओ फ्लॅश पुरेसा आहे. कॅमेऱ्यावर बसणारा स्पीडलाइटही चालतो, फक्त तो पुन्हा चार्ज व्हायला जास्त वेळ घेतो आणि त्याचा झूम २४ मि.मी.वर ठेवावा लागतो, नाहीतर उजेड कापडाच्या मधल्या भागावरच पडतो. सॉफ्टबॉक्स १२० सें.मी.चा अष्टकोनी घ्या, आणि त्यात समोरच्या कापडाच्या मागे दुसरा आतला पडदा असलाच पाहिजे. स्टँड अडीच मीटरपर्यंत वर जाणारा, सोबत वाळूची पिशवी. कॅमेऱ्याला आणि फ्लॅशला रेडिओ ट्रिगर, म्हणजे शटर दाबताच फ्लॅश उडवणारी बिनतारी जोडी. साधारण १०० बाय ७० सें.मी.चा पांढरा फोमबोर्ड किंवा थर्माकोलची शीट. शिवाय एक्स्पोजर आणि रंग तपासायला राखाडी कार्ड, मोजपट्टी, आणि जमिनीवर खुणा करायला चिकटपट्टी.

फ्लॅशऐवजी सतत जळणारा एलईडी लाइट वापरायचा असेल तर रचना हीच राहते. मात्र त्याचा सीआरआय (लाइट रंग किती खरे दाखवतो याचं माप) ९५ किंवा जास्त असू द्या, नाहीतर त्वचा हिरवट-फिकी येते आणि नंतर दुरुस्त करताना नाकी नऊ येतात. फोटोत आडवे पट्टे दिसले तर लाइट मिणमिणतो आहे असं समजा: ५० हर्ट्झची वीज असेल तिथे शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६०.

खोली आणि जागा

तीन बाय पाच मीटरची खोली छान पुरते. पाच मीटरच्या लांबीत आधी पार्श्वभूमीचा पडदा, त्यापासून १.५ ते १.८ मीटरवर स्टूल, स्टुलापासून १.५ ते १.८ मीटरवर कॅमेरा. व्यक्तीला पडद्याला टेकवून बसवू नका. तिची सावली पडद्यावर पडते, पडद्याच्या सुरकुत्या स्पष्ट दिसतात, आणि चेहरा आणि पडदा वेगवेगळे सांभाळता येत नाहीत.

व्यक्तीला उभं न करता स्टुलावर बसवण्याचं कारण छताचं आहे. बसलेल्या व्यक्तीचे डोळे जमिनीपासून सुमारे १२० सें.मी.वर येतात. सॉफ्टबॉक्सचा मध्य त्याच्या ४५ सें.मी. वर ठेवला तर वरची कड २२५ सें.मी.ला पोचते. उभ्या व्यक्तीसाठी तीच कड २६० सें.मी.च्या पुढे जाते आणि कमी उंचीच्या खोलीत छताला लागते. मग सॉफ्टबॉक्स नाइलाजाने खाली येतो आणि चेहऱ्याचा घाट जातो.

भिंतींचा रंग बघा. पांढऱ्या भिंती भटका उजेड परत चेहऱ्यावर टाकतात, त्यामुळे सावल्या आपोआप उजळतात. ते आपल्या कामाचं आहे. पण पिवळी, हिरवी किंवा निळी भिंत दीड मीटरच्या आत असेल तर तो रंग सावलीच्या बाजूच्या गालावर उतरतो, आणि एका गालाचा रंग दुसऱ्यापेक्षा वेगळा येतो. तिथे पांढरी चादर टांगा. खिडक्यांचे पडदे ओढा, खोलीतले दिवे बंद करा.

कॅमेरा

मोड मॅन्युअल, आयएसओ १००, शटर १/१२५, अ‍ॅपर्चर एफ/८, फोटो रॉमध्ये. लेन्स फुल फ्रेमवर ८५ मि.मी., लहान सेन्सरवर ५० ते ५६. दीड मीटरपेक्षा जवळ जाऊ नका, नाक मोठं दिसायला लागतं.

शटर जास्त वेगवान ठेवल्याने उजेड कमी-जास्त होईल असं वाटतं, पण फ्लॅशच्या बाबतीत तसं होत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांची फ्लॅशशी जुळणारी कमाल गती १/१६० ते १/२५० असते. त्याच्या पुढे गेलात की फ्रेमच्या एका कडेला काळा पट्टा येतो, कारण फ्लॅश उडतो तेव्हा शटरचा पडदा सेन्सरचा काही भाग झाकून असतो. साध्या ट्रिगरमुळे थोडा उशीरही होतो, म्हणून कमाल गतीच्या एक पायरी खाली राहणं बरं.

आता फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. काहीही दिसत असेल तर खोलीतला दुसरा उजेड फोटोत मिसळतोय, आणि त्याचा रंग फ्लॅशपेक्षा वेगळा असणार. हा एक काळा फोटो पुढचा अर्धा तास वाचवतो.

फ्लॅश चढवणं

स्टँडचे तीन पाय पुरते पसरा. त्यातला एक पाय ज्या दिशेला सॉफ्टबॉक्स झुकणार आहे त्या दिशेलाच ठेवा, वजन त्या पायावर येतं. वाळूची पिशवी मागच्या पायावर, जमिनीला किंचित टेकलेली. ती हवेत झोके घेत राहिली तर तिचा उपयोग निम्मा होतो. सॉफ्टबॉक्स स्टँड खाली असतानाच बसवा आणि मगच वर न्या. वाकवण्याचा स्क्रू सैल करताना दुसऱ्या हाताने फ्लॅश धरलेला असू द्या. १२० सें.मी.चा सॉफ्टबॉक्स स्वतःच्या वजनाने झटक्यात खाली येतो, आणि त्याच्या खाली माणूस बसलेला असतो.

ट्रिगरचा चॅनेल दोन्हीकडे एकच आहे ना बघा. रेडिओऐवजी दुसऱ्या फ्लॅशच्या उजेडाने चालणारा स्लेव्ह मोड वापरत असाल आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश ऑटोवर असेल, तर एस-२ निवडा. ऑटो फ्लॅश खऱ्या झोताआधी एक छोटा मोजणीचा झोत सोडतो, आणि एस-१ त्यावरच उडून मोकळा होतो.

लाइटची जागा

इथे घाई करू नका. सेटअपमधला सगळ्यात जास्त वेळ या भागाला द्या.

स्टुलापासून कॅमेऱ्याच्या दिशेला ८५ सें.मी. मोजा आणि तिथून काटकोनात एका बाजूला ८५ सें.मी. तिथे चिकटपट्टीची खूण करा. ही जागा चेहऱ्यापासून १२० सें.मी.वर आणि कॅमेऱ्याच्या रेषेपासून ४५ अंशांवर येते. सॉफ्टबॉक्सचा मध्य त्या खुणेवर, डोळ्यांपेक्षा ४५ सें.मी. वर, आणि तोंड २० अंशांच्या आसपास खाली झुकवलेलं. असं ठेवल्यावर सॉफ्टबॉक्सची खालची कड हनुवटीच्या पातळीला येते. ही पातळी लक्षात ठेवा. पुढे मोजपट्टी न लावता नुसत्या नजरेने उंची ठरवता येईल.

माणसाला बसवायच्या आधी स्वतःची मूठ वापरा. चेहऱ्याच्या जागी मूठ धरा, मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशमधला सतत जळणारा छोटा दिवा) लावा आणि कॅमेऱ्याच्या बाजूने बघा. बोटांची मधली पेरं नाकासारखी पुढे येतात आणि त्यांच्यामधल्या खाचा डोळ्यांच्या खोबणीसारख्या असतात. खाचांत उजेड पोचतोय का? पेरांची सावली किती लांब जाते, आणि कुठे विरघळते? लाइट १५ सें.मी. वर करा, खाचा काळ्या पडतील. बाजूला न्या, सावली आडवी पसरेल. दोन-चार मिनिटांत उंची आणि बाजू यांचा परिणाम डोळ्यांत बसतो, आणि समोरच्या माणसाला ताटकळत बसवावं लागत नाही.

माणूस बसल्यावर सगळ्यात खरी खूण डोळ्यांत असते. बुबुळातली उजेडाची चमक घड्याळाच्या १० किंवा २ च्या जागी दिसली पाहिजे. ती पापणीच्या आड गेली असेल तर लाइट फार वर आहे. बरोबर मध्यावर असेल तर फार खाली. एकाच डोळ्यात असेल तर लाइट फार बाजूला गेलाय, किंवा चेहरा लाइटपासून वळलाय. दुसरी खूण नाकाची सावली: ती खाली तिरकी जाऊन वरच्या ओठाच्या आधी संपावी. मॉडेलिंग लॅम्प चालूच ठेवा. अंधाऱ्या खोलीत बाहुल्या मोठ्या होतात आणि डोळ्यांचा रंग झाकला जातो. थोडा उजेड असेल तर त्या आकसतात आणि बुबुळ दिसतं.

पॉवर

फ्लॅश १/८ वर ठेवून पहिला फोटो काढा. फ्लॅश मीटर (झोताचा उजेड मोजायचं यंत्र) असेल तर हनुवटीखाली धरा, पांढरा घुमट लाइटकडे वळवा, आणि एफ/८ येईपर्यंत पॉवर बदला. मीटर नसेल तर कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) आणि फोटोचा पांढरा फटक झालेला भाग लुकलुकवून दाखवणारा हायलाइटचा इशारा बघा. कपाळ किंवा नाकाचं टोक लुकलुकलं तर एक तृतीयांश स्टॉप कमी करा. पुरतं थांबेपर्यंत.

उजेड बदलायला पॉवर वापरा, लाइट जवळ-लांब करू नका. जागा बदलली की मऊपणाही बदलतो आणि एकसारखेपणाही, आणि मग नेमकं काय बिघडलं ते कळत नाही. गडद वर्णाच्या व्यक्तीच्या फोटोत स्क्रीनवर चेहरा काळसर वाटला म्हणून लगेच पॉवर चढवू नका. आधी राखाडी कार्डावर एक्स्पोजर बरोबर आहे का बघा. अशा त्वचेवर घाट मुख्यतः चमकदार भागांतून दिसतो, आणि ते भाग पांढरे फटक झाले की परत मिळत नाहीत.

लाइट तिरका फिरवणं

नवशिके सॉफ्टबॉक्सचा मध्य थेट नाकावर रोखतात. पण उजेड मध्यावर सर्वांत तीव्र असतो आणि कडेकडे उतरतो, आणि हा उतार आपल्या उपयोगाचा आहे. स्टँड जागेवरच ठेवून सॉफ्टबॉक्सचं तोंड १५ ते २० अंश असं फिरवा, की मध्याची रेषा चेहऱ्याच्या पुढून, व्यक्ती आणि कॅमेरा यांच्यामधून जाईल. आता जवळच्या गालाला फक्त कडेचा सौम्य उजेड मिळतो आणि पलीकडच्या गालाला मध्याच्या जवळचा. अंतरामुळे पडणारा फरक त्यामुळे बराचसा भरून निघतो. शिवाय मधला तीव्र उजेड समोरच्या बाजूला जातो, जिथे आपण आता पांढरा बोर्ड ठेवणार आहोत. चेहऱ्यावरचा एकूण उजेड अर्ध्या ते एक स्टॉपने घटेल, तेवढी पॉवर वाढवा.

एकाच लाइटमध्ये दोन माणसं बसवायची असतील तर या युक्तीशिवाय पर्याय नाही: मध्य लाइटपासून लांबच्या व्यक्तीकडे वळवा, जवळच्या व्यक्तीला कड मिळू द्या.

सावलीची बाजू भरणं

पांढरा बोर्ड सावलीच्या बाजूला, गालापासून ५० सें.मी.वर, उभा आणि किंचित लाइटकडे वळवलेला ठेवा. पूर्णपणे शेजारी नको. थोडा कॅमेऱ्याच्या बाजूला पुढे असावा, नाहीतर तो फक्त कान आणि जबडा उजळतो आणि नाकाशेजारचा भाग तसाच काळा राहतो. बोर्ड २० सें.मी. जवळ आणला की सावली पटकन उघडते, लांब नेला की पटकन मिटते. बोर्डाऐवजी चंदेरी रिफ्लेक्टर वापरला तर उजेड जास्त मिळतो, पण तो आरशासारखा एका दिशेने येतो आणि दुसरी सावली तयार करतो. सोनेरीने तर सावलीची बाजू वेगळ्याच रंगाची होते. पांढरा तो पांढराच.

किती भरायचं? दोन गालांमधला फरक एक स्टॉपच्या आसपास ठेवा. याहून जास्त असेल तर फोटो गंभीर दिसायला लागतो, अर्ध्या स्टॉपच्या खाली गेला तर चेहरा सपाट होतो. मीटर नसताना हा फरक असा मोजता येतो: राखाडी कार्ड आधी उजेडाच्या गालाला लावून फोटो काढा आणि हिस्टोग्राममधला त्याचा उंच काटा कुठे आहे ते लक्षात ठेवा. मग कार्ड सावलीच्या गालाला लावा आणि काटा त्याच जागी येईपर्यंत अ‍ॅपर्चर उघडत जा. बहुतेक कॅमेऱ्यांत चाकाची एक टिचकी म्हणजे एक तृतीयांश स्टॉप. तीन टिचक्या लागल्या तर फरक एक स्टॉपचा. मोजून झालं की अ‍ॅपर्चर परत एफ/८ वर आणा, हे विसरायला होतं.

आता एका चुकीबद्दल, कारण ती जवळपास प्रत्येक जण करतो. एकसारखा उजेड हवा म्हणून दोन सारखे लाइट दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, सारख्याच पॉवरवर लावले जातात. कागदपत्र किंवा चित्राची प्रत काढायला ही रचना उत्तम आहे, कारण कागद सपाट असतो. चेहरा सपाट नाही. नाकाच्या दोन सावल्या पडतात, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि डोळ्यांत दोन-दोन चमका येतात. सावली मऊ असली तरी दोन सावल्या खटकतातच. दुसरा लाइट असेलच तर तो कॅमेऱ्याच्या अगदी मागे, स्टुडिओच्या मोठ्या छत्रीतून, मुख्य लाइटपेक्षा एक ते दीड स्टॉप कमी ठेवा. तिथून टाकलेल्या उजेडाची सावली व्यक्तीच्या मागे जाते आणि कॅमेऱ्याला दिसत नाही.

त्वचा आणखी नितळ दिसायला हवी असेल तर लाइट बाजूला न ठेवता थेट कॅमेऱ्याच्या वर आणा, आणि बोर्ड छातीच्या पातळीला आडवा, चेहऱ्याकडे झुकवून ठेवा. दोघांमधल्या फटीतून फोटो काढा. इथे एकच काळजी: बोर्ड फार जवळ आला की नाकपुड्या आणि हनुवटीचा खालचा भाग उजळतो आणि चेहऱ्याखाली कोणी टॉर्च धरल्यासारखं वाटतं. खालचा उजेड वरच्यापेक्षा निदान एक स्टॉप कमी राहिला पाहिजे.

मागचा पडदा

पांढरा पडदा लावला आणि फोटोत तो राखाडी आला, यात पडद्याचा दोष नाही. लाइट चेहऱ्यापासून १.२ मीटरवर आहे आणि पडद्यापासून सुमारे २.७ मीटरवर. तिथे पोचेपर्यंत उजेड सव्वादोन स्टॉप उतरतो, आणि पांढरा रंग तेवढा उतरला की मधल्या राखाडीच्या जवळपास येतो. एका लाइटच्या सेटअपसाठी हा राखाडी अतिशय शोभून दिसतो, तो तसाच राहू द्या. शुभ्र हवा असेल तर पडद्याला वेगळा लाइट लागतो, चेहऱ्यापेक्षा एक स्टॉप जास्त. दोन स्टॉपच्या वर नेला तर पडद्यावरून परतणारा उजेड लेन्समध्ये शिरतो, केसांच्या कडा खातो आणि सगळा फोटो धुकट करतो.

रंग

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. ५५०० केल्विनवर सुरुवात करा, मग राखाडी कार्ड चेहऱ्याजवळ धरून एक फोटो काढा आणि त्यावरून कस्टम बॅलन्स घ्या. लाइट बदलला, सॉफ्टबॉक्स बदलला किंवा पॉवर खूप बदलली तर कार्डाचा फोटो पुन्हा. सॉफ्टबॉक्सचं कापड काळानुसार पिवळं पडतं, म्हणून जुना आणि नवा एकत्र वापरताना दोन्हींचा रंग तपासून घ्या.

बिघडतं कुठे

सॉफ्टबॉक्स मोठा असूनही सावली कडक येत असेल तर सॉफ्टबॉक्सचाच फोटो काढा. पॉवर सर्वांत कमी, अ‍ॅपर्चर एफ/१६ किंवा त्याहून बंद. पांढरं कापड कडेपर्यंत एकसारखं उजळलेलं दिसलं पाहिजे. मध्ये पांढरा गोळा आणि कडेला करडेपणा दिसला, तर तुमचा १२० सें.मी.चा सॉफ्टबॉक्स प्रत्यक्षात त्या गोळ्याएवढाच आहे. आतला पडदा लावायचा राहिलाय, किंवा स्पीडलाइटचा झूम १०५ वर गेलाय.

कपाळ आणि नाक चमकत असेल तर आधी टिश्यूने टिपून घ्या, चोळू नका. तेवढ्याने भागलं नाही तर बिनरंगी पावडरचा हलका हात. चमक म्हणजे त्वचेवरच्या तेलात दिसणारं लाइटचं प्रतिबिंब. स्रोत मोठा असेल तर तेच प्रतिबिंब जास्त जागेवर पसरतं आणि फिकट होतं, म्हणून लहान लाइटमध्ये चमक जास्त टोचते.

चश्म्यात सॉफ्टबॉक्स दिसत असेल तर लाइट १५ ते २० सें.मी. वर न्या आणि थोडा बाजूला. तरी दिसला तर चश्म्याच्या दांड्या कानांवरून सुमारे १ सें.मी. उचलून ठेवायला सांगा, काचा खाली झुकतात आणि प्रतिबिंब फ्रेमबाहेर जातं. कॅमेऱ्याकडून दांड्या उचललेल्या कळतही नाहीत. कॅमेऱ्यामागची छत्री मात्र चश्म्यात हमखास दिसते, तिथे बोर्डावरच भागवा.

डोळे खोल असतील तर उलट करा, लाइट १० ते १५ सें.मी. खाली आणा. मधूनच एखादा फोटो काळपट आला तर फ्लॅश पुन्हा चार्ज होण्याआधी बटण दाबलं गेलंय. फ्लॅशचा बीप चालू करा आणि त्याची वाट बघा. एकामागून एक सगळेच थोडे गडद येत असतील तर बॅटरी उतरली आहे.

काम संपल्यावर

स्टँड हलवायच्या आधी त्याच्या नळीवर उंचीची खूण करा, पायांच्या जागा चिकटपट्टीने जमिनीवर उमटवा, आणि फ्लॅशची पॉवर, चेहऱ्यापासूनचं अंतर, बोर्डाचं अंतर हे आकडे लिहून ठेवा. दाराजवळ उभं राहून संपूर्ण रचनेचा एक साधा फोटो घ्या. आकड्यांतून न कळणारा सॉफ्टबॉक्सचा झुकाव त्यात दिसतो. मॉडेलिंग लॅम्प बल्बचा असेल तर तो बंद करून निदान दहा मिनिटं थांबा आणि मगच सॉफ्टबॉक्स उतरवा, गरम बल्बला कापड टेकलं की पिवळा डाग पडतो आणि पुढच्या प्रत्येक फोटोत तो रंग येत राहतो. स्टँड खाली घेताना वरचा खिट्टा आधी सैल करा आणि खालचा शेवटी, एक हात कायम फ्लॅशखाली ठेवून.